टीमने मिळून कमांड-लाइनवरचा मजकूर-विश्लेषक लिहिताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

फाइल द्यायची आणि प्रोग्रामने सांगायचं: एकूण शब्द किती, त्यातले वेगळे किती, वाक्यं किती, सगळ्यांत जास्त वेळा कोणते शब्द आले. ऐकायला एका संध्याकाळचं काम वाटतं, आणि एकट्याने साध्या इंग्रजी मजकुरावर केलं तर असतंही तेवढंच. टीमने करताना मात्र ते रेंगाळतं. एकाच फाइलवर एकाचा प्रोग्राम एक आकडा देतो, दुसऱ्याचा दुसरा, आणि दोघांचाही कोड बरोबर असतो. घोळ कोडमध्ये नसतो. 'शब्द' कशाला म्हणायचं हे टीमने कधी ठरवलेलंच नसतं.

मी अशा टीममध्ये काम केलं आहे आणि नंतर नव्या टीम्सना मदतही केली आहे. अडतं ते जवळपास नेहमी याच जागी. म्हणून या लेखात त्या एका पायरीवर मी बराच वेळ घालवणार आहे. बाकीच्या पायऱ्या तुलनेने सोप्या आहेत.

आधी हाताशी काय हवं

- पायथॉन ३, आणि सगळ्यांकडे एकच आवृत्ती. एकाकडे जुनी आणि दुसऱ्याकडे नवी असेल तर पहिल्याच दिवशी एक करून घ्या.
- गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन, आणि सगळ्यांना प्रवेश असलेली एक रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींचा सामायिक साठा.
- यूटीएफ-८ मध्ये (कुठल्याही लिपीतला मजकूर साठवण्याची एक पद्धत) सेव्ह करणारा कुठलाही एडिटर.
- मराठी मजकुरासाठी 'रेजेक्स' नावाचं जादा पॅकेज. पायथॉनसोबत येणारं 'आरई' मॉड्यूल इथे का पुरत नाही, ते तिसऱ्या पायरीत येईल.
- विश्लेषणासाठी मजकूर: कॉपीराइट संपलेलं लेखन किंवा तुम्ही स्वतः लिहिलेलं. विकिस्रोतावरून साधा मजकूर मिळतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली घेऊ नका (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारं मानक). त्या फाँटसह मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा असतो, आणि तुमचा प्रोग्राम तोच मोजत बसेल.
- एक नियमपत्रक, म्हणजे काय कसं मोजायचं ते टीमने ठरवून लिहिलेला कागद. एक पान पुरतं. तेही रिपॉझिटरीतच ठेवा.

१. काय करणार नाही ते आधी लिहा

पहिल्या बैठकीत उत्साहाच्या भरात यादी वाढत जाते: भावना ओळखायची, विषय शोधायचा, आलेख काढायचे. यातलं एकही पहिल्या आवृत्तीत घेऊ नका. चार आकडे (एकूण शब्द, वेगळे शब्द, वाक्यं, वारंवार येणारे पहिले दहा शब्द) खात्रीने बरोबर देणारा प्रोग्राम हे पुरेसं मोठं काम आहे.

मराठीत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बाहेर ठेवा: 'घर', 'घरात', 'घराला' हे एकच शब्द म्हणून मोजणं. सामान्यरूप आणि प्रत्यय ओळखून मूळ शब्दापर्यंत जाणं हा स्वतंत्र प्रकल्प आहे. घाईने प्रत्यय छाटायला गेलात, तर 'ला' काढण्याच्या नादात 'शाळा' राहते पण 'कला'चं 'क' होतं. नियमपत्रकात सरळ लिहा की आपण शब्दांची रूपं वेगवेगळी मोजतो. निकाल वाचणाऱ्याला हे माहीत असलं की काम भागतं.

२. कोड लिहिण्याआधी हाताने मोजा

दोन-तीन वाक्यांची छोटी नमुना फाइल बनवा आणि टीममधल्या प्रत्येकाने ती एकमेकांना न दाखवता कागदावर मोजा. मी ही फाइल सुचवतो:

पाऊस आला. पाऊस थांबला, आणि पुन्हा आला!

माणूस मोजतो तेव्हा एकूण शब्द ७, वेगळे शब्द ५ (पाऊस, आला, थांबला, आणि, पुन्हा), वाक्यं २. आता हीच ओळ फक्त रिकाम्या जागांवर तोडा. एकूण ७ च येतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण वेगळे शब्द ६ होतात, कारण 'आला.' आणि 'आला!' यंत्राला दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकूण आकडा बरोबर आणि वेगळ्यांचा चूक, ही या प्रकल्पातली सगळ्यांत फसवी अवस्था. फक्त एकूण शब्द तपासणाऱ्या टीमला ती दिसतच नाही.

मग नमुन्यात मुद्दाम अडचणी घाला: एक जोडरेघेचा शब्द, एक संख्या, 'डॉ.' सारखं संक्षिप्त रूप, एक इंग्रजी शब्द, अवतरणचिन्हं. पुन्हा सगळ्यांनी मोजा. जिथे तुमचे आकडे जुळत नाहीत, तिथे तुमचा नियम ठरलेला नाही. ती यादी म्हणजेच पुढच्या पायरीचा अजेंडा.

३. शब्द म्हणजे काय, ते नियमपत्रकात लिहा

खालच्या प्रश्नांना बरोबर किंवा चूक असं एकच उत्तर नाही. एक उत्तर निवडायचं आणि लिहून ठेवायचं.

'हळू-हळू' एक की दोन? माझं मत: जोडरेघेने जोडलेलं एक धरा, दोन्ही बाजूंना जागा असलेली रेघ मात्र विरामचिन्ह माना. '२०२४' हा शब्द आहे का? मी एकूण शब्दांत धरतो, वारंवारतेच्या यादीत नाही. इंग्रजी शब्द लहान अक्षरांत आणायचे का? हो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे त्या बदलाचा मराठी शब्दांवर काही परिणाम होत नाही.

विरामचिन्हं काढताना पायथॉनच्या 'स्ट्रिंग' मॉड्यूलमधली तयार यादी वापरण्याचा मोह होतो. त्या यादीत फक्त जुनी, साधी रोमन कळफलकावरची चिन्हं आहेत. वळणदार अवतरणचिन्हं, लांब रेघ आणि दंड त्यात नाहीत. वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या मजकुरात अवतरणं जवळपास नेहमी वळणदारच असतात.

आता मोठा सापळा. इंटरनेटवरचं जवळपास प्रत्येक उदाहरण शब्द शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुने शोधायची सांकेतिक भाषा) बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरतं. पायथॉनच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये ते अक्षरं, अंक आणि अधोरेषा पकडतं. पण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही 'अक्षरं' नाहीत, 'खुणा' आहेत. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रेवर शब्द तुटतो. आपल्या नमुना ओळीचं असं होतं:

- पाऊस → प, ऊस
- आला → आल
- थांबला → थ, बल
- आणि → आण
- पुन्हा → प, न, ह

'पाऊस' आणि 'आला' दोनदा धरून सात शब्दांचे बारा तुकडे. त्यातले 'ऊस', 'आल', 'बल', 'आण' शब्दांसारखेच दिसतात, म्हणून निकालाच्या लांब यादीवर नजर फिरवून हे सापडत नाही. मोठ्या फाइलवर प्रोग्राम कुठेही न कोसळता पूर्ण चालतो आणि चुकीचं सांगतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, 'रेजेक्स' पॅकेज वापरा. त्यातलं बॅकस्लॅश-डब्ल्यू खुणाही शब्दात धरतं. दोन, स्वतःचा अक्षरसंच लिहा. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे, पण तो सरसकट घेऊ नका. दंड आणि दुहेरी दंड (०९६४, ०९६५) त्याच पट्ट्यात बसतात. ते वगळा. अंक ०९६६ ते ०९६एफ मध्ये आहेत, त्यांचं काय करायचं ते तुमच्या नियमाप्रमाणे.

यानंतर उरतात ते सारखे दिसणारे पण वेगळे साठवलेले शब्द. 'ॲप' मधला 'ॲ' काही कळफलक एकच चिन्ह म्हणून देतात, काही 'अ' आणि चंद्र अशी दोन. 'वाऱ्याने' मधला अर्धा र कधी 'ऱ' पासून बनलेला असतो, तर कधी साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर, लावून. डोळ्यांना फरक दिसत नाही, प्रोग्रामला ते दोन शब्द वाटतात. पायथॉनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधलं एनएफसी हे प्रमाणीकरण (वेगवेगळी साठवलेली सारखी चिन्हं एका रूपात आणणं) जरूर करा, पण या दोन्ही जोड्या ते एकत्र आणत नाही. त्यासाठी दोन बदल हाताने लिहावे लागतात: 'अ' आणि चंद्र दिसले की 'ॲ' करा, 'र', हलन्त आणि जोडक दिसले की 'ऱ' आणि हलन्त करा. दोनच ओळी आहेत, पण निकालात त्या दिसतात.

आणखी एक: शब्दाची लांबी. पायथॉनला 'पुन्हा' ची लांबी विचारली तर ६ सांगतो, कारण तो प, उकार, न, हलन्त, ह आणि काना असे सहा युनिकोड बिंदू मोजतो. वाचणाऱ्याला मात्र 'पु' आणि 'न्हा' अशी दोनच अक्षरं दिसतात. फाइलमध्ये तोच शब्द १८ बाइट घेतो, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक बिंदू तीन बाइटचा असतो. 'रेजेक्स'मधलं बॅकस्लॅश-एक्स दृश्य अक्षरं मोजायला मदत करतं. पण जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे पॅकेजच्या जुन्या आवृत्तीत 'न्हा' चे दोन भाग होतील. 'सरासरी शब्दलांबी' हा आकडा पहिल्या आवृत्तीत नकोच, असा माझा सल्ला आहे. द्यायचाच असेल तर कशाची लांबी, ते आउटपुटमध्येच लिहा.

४. वाक्यांचा नियम, थोडक्यात

पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, दंड यांपैकी काही आलं आणि त्यानंतर रिकामी जागा किंवा फाइलचा शेवट असेल, तर वाक्य संपलं. 'त्यानंतर रिकामी जागा' ही अट '५.५०' ला वाचवते. 'डॉ.', 'प्रा.', 'इ.स.', 'रु.' अशांची छोटी यादी ठेवा आणि ते वाक्याचा शेवट मानू नका. शीर्षकांना बहुतेक वेळा पूर्णविराम नसतो आणि ती पुढच्या वाक्यात मिसळतात. त्यासाठी रिकामी ओळ हाही वाक्याचा शेवट धरा. यापलीकडे जाऊ नका.

५. पहिल्या दिवशी चालणारा सांगाडा

कामाची वाटणी करण्याआधी एकत्र बसून टोकापासून टोकापर्यंत चालणारा, अगदी अर्धवट प्रोग्राम उभा करा. फाइल वाचणारं फंक्शन मजकूर परत देतं. शब्द फोडणारं फंक्शन मजकूर घेऊन शब्दांची यादी देतं. मोजणारं फंक्शन यादी घेऊन आकडे देतं. दाखवणारं फंक्शन आकडे घेऊन छापतं. आत खरं काम नसलं तरी चालेल. फोडणाऱ्या फंक्शनने सध्या रिकाम्या जागांवर तोडलं तरी हरकत नाही. पण कोण काय घेतं आणि काय परत देतं, हे आज पक्कं झालं पाहिजे.

एक नियम इथे कडकपणे पाळा: छापण्याचं काम फक्त दाखवणाऱ्या फंक्शनचं. मोजणाऱ्या फंक्शनच्या आत 'प्रिंट' घातलंत, तर त्याची चाचणी लिहिता येत नाही आणि उद्या निकाल फाइलमध्ये हवा झाला की सगळं उलगडावं लागतं.

कमांड-लाइनवरचे पर्याय वाचायला 'आर्गपार्स' वापरा. ते पायथॉनसोबतच येतं, मदतीचा मजकूर स्वतः तयार करतं आणि चुकीचा पर्याय दिला तर २ हा एक्झिट कोड (प्रोग्राम कसा संपला ते सांगणारा आकडा) देऊन थांबतं. तुमच्या स्वतःच्या चुकांसाठीही तीच शिस्त ठेवा: सगळं नीट झालं तर ०, नाहीतर शून्येतर, आणि चुकीचा संदेश स्टँडर्ड एररवर (चुकांच्या संदेशांसाठीचा वेगळा मार्ग), निकालात मिसळून नाही. फाइलचं नाव दिलं नाही तर स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे कळफलक किंवा आधीच्या कमांडकडून येणाऱ्या मजकुरातून, वाचा, म्हणजे तुमचा प्रोग्राम इतर कमांडच्या साखळीत बसेल.

या साखळीची ताकद एकदा पाहून घ्या. १९८६ मध्ये युनिक्समधल्या पाइपची (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देण्याची सोय) कल्पना मांडणारे डग मॅकिलरॉय यांनी 'मजकुरातले सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधा' हाच प्रश्न सहा युनिक्स कमांड पाइपने जोडून सोडवून दाखवला होता: अक्षरांखेरीज सगळ्याचं नव्या ओळीत रूपांतर, मोठ्या अक्षरांची लहान, क्रमवारी, सारख्या ओळींची मोजणी, आकड्यांनुसार उलटी क्रमवारी, आणि वरच्या काही ओळी. तुमच्या प्रोग्रामचा आराखडाही मुळात हाच आहे. ती साखळी इंग्रजी फाइलवर चालवून पडताळणीला वापरा. देवनागरीवर ती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिच्यातला 'अक्षर' म्हणजे ए ते झेड.

६. कामाची वाटणी आणि गिट

प्रत्येक फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइलनुसार वाटा. सगळे एकाच फाइलमध्ये लिहायला लागले की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीतले दोघांचे वेगळे बदल, सोडवण्यात कित्येक संध्याकाळी जातात. प्रत्येकाची वेगळी ब्रँच (कोडची समांतर प्रत), छोटे कमिट (नोंदवलेले बदल), आणि मुख्य ब्रँचमध्ये काहीही जाण्याआधी दुसऱ्या एकाने वाचलेलं असावं.

वाटणीत एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: फंक्शन एकाने लिहायचं, त्याची चाचणी दुसऱ्याने, आणि ती कोड न बघता, फक्त नियमपत्रक वाचून. चाचणी आणि कोड जुळले नाहीत तर बहुतेक वेळा नियमपत्रकातलं वाक्यच दोघांनी वेगळं वाचलेलं असतं. ते वाक्य सुधारा, मग कोड. शिवाय यामुळे प्रत्येकाला किमान दोन भाग नीट समजतात. सादरीकरणात 'हा भाग माझा नाही' असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही वापरणारे टीममध्ये असतील तर ओळीच्या शेवटाची सेटिंग गिटमध्ये आधीच एक करून ठेवा, कारण ओळ संपल्याची न दिसणारी खूण दोन्हींत वेगळी असते. नाहीतर एक अक्षर बदललं तरी पूर्ण फाइल बदललेली दिसते.

७. फाइल वाचताना आणि निकाल छापताना

फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, नेहमी स्पष्ट लिहा. न लिहिल्यास पायथॉन बऱ्याच विंडोज मशीनवर यूटीएफ-८ सोडून दुसरंच काही गृहीत धरतो, आणि एकाच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याकडे डीकोडच्या चुकीने थांबतो. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी बीओएम खूण घालतात. ती पहिल्या शब्दाला चिकटते आणि फाइलमधला पहिला शब्द यादीत वेगळा पडतो. 'यूटीएफ-८-सिग' हे एन्कोडिंग दिलं की खूण असो वा नसो, फाइल नीट वाचली जाते.

लिहितानाही तेच. विंडोजवर निकाल स्क्रीनवर व्यवस्थित दिसतो, पण तोच फाइलमध्ये वळवला की एन्कोडची चूक येते, कारण वळवलेल्या आउटपुटला पायथॉन सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग लावतो. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच स्टँडर्ड आउटपुटचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करून घ्या. मजकूर स्टँडर्ड इनपुटवरून येत असेल तर तिथेही हीच काळजी घ्या.

यादी छापताना आकडा आधी, शब्द नंतर:

२  आला
२  पाऊस
१  आणि
१  थांबला
१  पुन्हा

उलट केलंत तर रकाने कधीच सरळ येत नाहीत. पायथॉन बिंदू मोजून जागा भरतो, आणि टर्मिनलवर दिसणारी शब्दाची रुंदी वेगळी असते. त्यावर वेळ घालवू नका.

वरच्या यादीत 'आला' आणि 'पाऊस' दोन्ही दोनदा आले आहेत. पायथॉनमधलं मोजणीचं तयार साधन 'काउंटर' समान आकड्यांचे शब्द मजकुरात आधी दिसले त्या क्रमाने देतं, म्हणजे पाऊस आधी. मी आकडा सारखा असेल तर शब्दांच्या क्रमाने लावतो. दोन्हीपैकी काहीही चालेल, फक्त नियमपत्रकात हवं, नाहीतर चाचण्या विनाकारण नापास होतील.

८. चाचण्या: कुठल्या लिहायच्याच

नमुना फाइल ही पहिली चाचणी. तिचे हाताने मोजलेले आकडे तिथे आयतेच आहेत. त्याखेरीज रिकामी फाइल द्या. सरासरी काढताना शून्याने भागलं जातं ते इथेच सापडतं. फक्त विरामचिन्हं असलेली फाइल, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल, अस्तित्वात नसलेली फाइल आणि सारख्या दिसणाऱ्या दोन 'ॲप' ची फाइलही घ्या.

मोठ्या मजकुराची हाताने मोजणी शक्य नसते. तिथे दोन ढोबळ पडताळण्या उपयोगी पडतात. पहिली, शब्द मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी' या युनिक्स कमांडने आलेले एकूण शब्द. ती फक्त रिकाम्या जागा बघते, त्यामुळे तुमचा आकडा तिच्या जवळ असायला हवा, तंतोतंत नाही. दुपटीचा फरक असेल तर तिसऱ्या पायरीतला सापळा आठवा. दुसरी, झिफचा नियम: लांब मजकुरात शब्दाची वारंवारता साधारण त्याच्या क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मोजके शब्द प्रचंड वेळा येतात आणि एकदाच आलेल्या शब्दांची मोठी रांग लागते. तुमच्या यादीचा उतार तसा नसेल, किंवा वरच्या दहांत एकेका अक्षराचे तुकडे दिसत असतील, तर शब्द फोडण्याची पायरी बिघडली आहे.

वेगळे शब्द भागिले एकूण शब्द हे गुणोत्तर देणार असाल तर एक इशारा. मजकूर लांबला की हा आकडा आपोआप उतरतो, कारण जुने शब्द पुन्हा पुन्हा येतात. छोट्या निबंधाची लांब कादंबरीशी तुलना करून 'निबंधाची शब्दसंपत्ती जास्त' असं लिहू नका. दोन्हींतले सुरुवातीचे सारखेच शब्द घ्या आणि मगच तुलना करा.

९. देण्याआधी

रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये चार गोष्टी हव्यात: प्रोग्राम काय करतो, कसा बसवायचा, एक चालवून दाखवलेलं उदाहरण त्याच्या आउटपुटसह, आणि नियमपत्रक कुठे आहे. जादा पॅकेज त्यांच्या आवृत्त्यांसह वेगळ्या फाइलमध्ये नोंदवा. मोठ्या मजकूर-फाइली रिपॉझिटरीत टाकू नका, त्या कुठून घेतल्या ते लिहा.

मग टीमबाहेरच्या कुणाला तरी, ज्याच्या मशीनवर यातलं काहीच बसवलेलं नाही, रिपॉझिटरी क्लोन करून (स्वतःच्या मशीनवर उतरवून) फक्त रीडमी वाचत प्रोग्राम चालवायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, ती ओळ लगेच दुरुस्त करा आणि त्याला पुन्हा सुरुवातीपासून करायला लावा.